जुना संगणक जागा का होत नाही?
(उच्च प्राथमिक शाळांतील शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

पनवेल तालुक्यात कासाडी नदीच्या आसपास पसरलेली तळोजे औद्योगिक वसाहत सर्वांस परिचित आहे. तेथील कारखान्यांच्या कचेऱ्यांतून बाद झालेले संगणक अधूनमधून जवळपासच्या शाळांस देणगीरूपाने मिळतात. देणगीच्या दिवशी हारतुरे होतात, छायाचित्र निघते, आणि जडवस्तुसंग्रह नोंदवहीत एक ओळ वाढते. पुढे एखाद्या पावसाळ्यानंतर कळ दाबली तरी पडद्यावर अक्षर उमटत नाही, किंवा न समजणारी एखादी इंग्रजी ओळ येऊन यंत्र जागच्या जागी थांबते. मग त्याच नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात ‘नादुरुस्त’ हा शब्द पडतो आणि यंत्र निर्लेखनाच्या वाटेला लागते.

हा शब्द लिहिण्यापूर्वी काय बिघडले याचा शोध क्वचितच घेतला जातो. वास्तविक बिघाड कित्येकदा पन्नास रुपयांच्या बॅटरीत असतो, अथवा कोठेही नसतो. केवळ नव्या प्रणालीची अपेक्षा जुन्या यंत्राकडून केलेली असते. मुलांच्या बाजूने पाहता हे नुकसान लहान नाही. ज्या मुलाच्या घरी संगणक नाही, त्याने सहावीत प्रवेश केला आणि शाळेतील यंत्र त्याच वर्षी कपाटात गेले, तर सातवी-आठवीअखेर त्याचे बोट कळफलकाला लागत नाही. ते वर्ष त्यास पुन्हा मिळावयाचे नसते. दुसरी बाजू कचऱ्याची. घातक औद्योगिक कचऱ्याच्या विल्हेवाटीचे केंद्र तळोज्यातच असल्याने या भागातील शिक्षकास शिसे व पारा हे शब्द नवे नाहीत. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यात शिसे असते. भंगारवाला तो फोडून तांबे काढतो आणि उरलेले ओढ्याकाठी टाकतो. संगणकीय कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम देशात १ मे २०१२ पासून लागू झाले. सध्याचे, २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आहेत. त्यांनुसार असे यंत्र नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जावयास हवे, दारावर आलेल्या भंगारवाल्याकडे नव्हे.

प्रस्तुत पाठाचा विषय त्याच्या अगोदरचा आहे. यंत्र खरोखर मेले आहे की नुसते झोपले आहे, हे शिक्षकाने कसे ओळखावे?

मुक्त युनिक्स कशासाठी?

विंडोज एक्सपी या प्रणालीची देखभाल तिच्या कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविली, आणि विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी. त्या काळची यंत्रे नव्या प्रणालीचा भार सोसू शकत नाहीत. अशा वेळी युनिक्स कुळातील मुक्त प्रणाली उपयोगी पडतात. युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन टॉम्प्सन व डेनिस रिची ही नावे तिच्याशी जोडलेली आहेत. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी युनिक्ससारखी पण सर्वांस मुक्त असलेली प्रणाली घडविण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. बर्कली येथील विद्यापीठाच्या शाखेतून १९९३ साली नेटबीएसडी व फ्रीबीएसडी या प्रणाली निघाल्या. येथे ‘मुक्त’ याचा अर्थ केवळ ‘फुकट’ असा नव्हे. तिची घडण कोणीही वाचावी, बदलावी व दुसऱ्यास द्यावी, अशी मोकळीक त्यात आहे. पाठ्यपुस्तक फुकट मिळणे निराळे आणि ते उघडून वाचता येणे निराळे.

रायगड जिल्ह्यास हा विषय परका नाही. २००७ साली खैरात-धनगरवाडा येथील जिल्हा परिषदेच्या एकशिक्षकी शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या योजनेतील लहान हिरवे-पांढरे संगणक मुलांच्या हाती आले, तेव्हा त्यांवर लिनक्सच होते. त्या यंत्राची गती ४३३ मेगाहर्ट्झ, स्मृती २५६ मेगाबाइट आणि साठवण अवघी १ गिगाबाइट होती. आजच्या साध्या भ्रमणध्वनीसमोरही हे आकडे थिटे वाटतील. परंतु धनगरवाड्यावरील मुले त्याच यंत्रावर लिहू-वाचू लागली.

मात्र प्रणालीची निवड डोळसपणे करावी. डेबियन ही लिनक्सची प्रसिद्ध मांडणी ३२ बिटांच्या जुन्या यंत्रांवर नव्याने बसविण्याची सोय आवृत्ती १२ पर्यंत, म्हणजे २०२३ च्या आवृत्तीपर्यंत होती; २०२५ च्या आवृत्ती १३ मध्ये ती राहिली नाही. नेटबीएसडीची २०२४ ची आवृत्ती १० मात्र ४८६ जातीच्या प्रक्रियकापासून पुढील यंत्रांवर चालते. ६४ मेगाबाइट स्मृतीवर ती अक्षरी पडद्यापुरते काम देते. मराठी जोडाक्षरे नीट दिसण्यासाठी चित्रमय पडदा लागतो आणि त्यास स्मृतीही अधिक लागते, हे आधीच जाणून घ्यावे. नाहीतर मुलांसमोर पडदा उजळतो आणि त्यावर मराठीच नसते.

किल्लीपासून हजेरीपर्यंत

यंत्र सुरू होण्यास इंग्रजीत ‘बूट होणे’ म्हणतात. बुटाच्या मागच्या बाजूस तो ओढून चढविण्यासाठी चामड्याची फीत असते. त्या फितीस धरून माणसाने स्वतःलाच वर उचलावे, अशा अशक्य कल्पनेवरून तो शब्द आला. अडचण खरीच तशी आहे. तबकडीवरील प्रणाली वाचण्यासाठी प्रणाली हवी, आणि प्रणाली तर तबकडीवरच! ही गाठ टप्प्याटप्प्याने सोडविली जाते.

शाळेची सकाळ डोळ्यांसमोर आणावी. किल्ली ज्याच्या घरी आहे तो मुलगा प्रथम येतो. त्यास शिकविता येत नाही, पण कुलूप उघडता येते. मग घंटा होते, परिपाठ होतो, गुरुजी हजेरी घेतात आणि वर्ग सुरू होतात. संगणकात किल्लीवाल्या मुलाचे काम बायॉस करते. वीज येताच ते स्मृती व कळफलक तपासते आणि तबकडीचा पहिला तुकडा उचलून आणते. हा तुकडा फक्त ५१२ बाइटांचा असतो. त्यांपैकी ४४६ बाइटांत छोटीशी आज्ञावली, ६४ बाइटांत तबकडीच्या चार विभागांची यादी आणि शेवटच्या २ बाइटांत ओळखीची खूण असते. ही खूण म्हणजे ८५ व १७० हे अंक. द्विमान पद्धतीत लिहिल्यास ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. खूण नसेल तर ‘येथे सुरू करण्याजोगे काही नाही’ असे समजून बायॉस पुढील साधनाकडे वळते. खूण असेल तर छोटी आज्ञावली मोठ्या आज्ञावलीस बोलावते. तिला बूटलोडर म्हणतात. बूटलोडर प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, स्मृतीत आणतो. कर्नेल यंत्राचा ताबा घेऊन मूळ विभाग जोडतो आणि पहिले काम सुरू करतो. त्यानंतर वापरकर्त्याचे नाव विचारले जाते.

वर्ग भरला नाही तर मुख्याध्यापक काय विचारतात? किल्ली आली होती काय? घंटा झाली काय? परिपाठ कोठवर आला होता? संगणकाबाबतही हाच क्रम धरावा. शेवटचे कोणते काम नीट झाले हे कळले की दोष त्याच्या लगेच पुढे असतो.

पडदा काळाच राहिला तर

काहीच दिसत नसेल तर प्रणालीला दोष देऊ नये. तिचा प्रवेश अजून व्हावयाचाच आहे. कोकणच्या दमट हवेत धातूच्या टोकांवर गंज व बुरशी चढते. स्मृतीची पट्टी काढून तिची सोनेरी टोके खोडरबराने हलक्या हाताने पुसावी, कण झटकून ती पुन्हा घट्ट बसवावी. एवढ्यानेच जागी झालेली यंत्रे थोडी नाहीत. लांब शिट्ट्या पुनःपुन्हा वाजत असतील तर बऱ्याच यंत्रांत तो स्मृतीचाच दोष असतो. मुख्य पाटीवरील छोट्या नळकांड्यांची डोकी फुगलेली अथवा चिकटा गळलेली दिसली, तर ते कपॅसिटर होत. २००० च्या आगेमागे बनलेल्या अनेक पाट्यांत ते निकृष्ट दर्जाचे निघाले. त्याचे काम जाणत्या कारागिराकडे द्यावे. वीजपुरवठ्याची पेटी व काचेच्या नळीचा पडदा शिक्षकाने कधीही उघडू नये. वायर काढल्यानंतरही आत प्राणघातक दाब साठलेला असू शकतो. इतर भागांस हात लावण्यापूर्वीही वायर भिंतीपासून सोडवावी, आणि मुलांना त्या वेळी दूरच बसवावे.

यंत्र सुरू होते, पण तारीख १९८० सालातील दाखविते. असे असेल तर रुपयाएवढी गोल बॅटरी संपली आहे. बहुधा ती सीआर २०३२ या क्रमांकाची, ३ व्होल्टची असते. वरवर पाहता तारखेत काय मोठेसे? परंतु त्याच बॅटरीवर बायॉसची टाचणे टिकतात. ती गेली की तबकडी कोणत्या रीतीने वाचावयाची, प्रथम कोठे पाहावयाचे, हे सारे यंत्र विसरते. शिवाय तबकडीची तपासणी करणारी आज्ञावली ‘हा विभाग भविष्यकाळात जोडला गेला होता’ अशी तक्रार करते, आणि आंतरजालावरील सुरक्षित स्थळे प्रमाणपत्राची तारीख जुळत नाही म्हणून उघडत नाहीत. तीन निराळ्या तक्रारी, पण मूळ एकच. तारखेवरून निघालेच आहे म्हणून एक गोष्ट सांगण्याजोगी. युनिक्स १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजते. ३२ बिटांत हा मोजदाद-अंक १९ जानेवारी २०३८ रोजी भरून जातो. आज पहिलीत बसणारे मूल तोवर मतदानाच्या वयाच्या जवळपास आलेले असेल. नेटबीएसडीने २०१२ च्या आवृत्ती ६ पासून हा अंक ६४ बिटांचा केला आहे.

चकती घालूनही यंत्र ती वाचत नाही, ही तक्रार फार ऐकू येते. चकतीवरून यंत्र सुरू करण्याची रीत १९९५ साली ठरली. त्यापूर्वीच्या यंत्रांस ती ठाऊकच नाही. त्यांस फ्लॉपी द्यावी लागते. पेनड्राइव्हवरून सुरू होणे तर त्याहून उशिरा आले. पुष्कळदा चूक चकती बनविणाराची असते. प्रणालीची प्रतिमा चकतीवर प्रतिमा म्हणूनच उतरवावयाची असते. ती साधी धारिका म्हणून ठेवली, तर पुस्तकाऐवजी पुस्तकाचे बंद पार्सल कपाटात ठेवल्यासारखे होते.

अर्धवट उमटलेले नाव

बूटलोडरच्या टप्प्यावरील बिघाड शिक्षकास विशेष रंजक वाटावा. लिलो हा लिनक्सचा जुना बूटलोडर. त्याची वाढ २०१५ साली थांबली. तरी देणगीतील यंत्रांत तो अजून सापडतो. त्याच्या रचनाकारांनी एक साधी पण सुंदर युक्ती योजली होती. पडद्यावर स्वतःच्या नावाची चार इंग्रजी अक्षरे तो एकदम लिहीत नाही. एकेक पायरी पार पडली की एकेक अक्षर लिहितो. काहीच उमटले नाही, तर लिलो स्मृतीत आलाच नाही. केवळ ‘एल’ उमटून थांबला, तर पहिला भाग आला पण दुसरा आणता आला नाही. तबकडीतच दोष असण्याचा संभव येथे असतो. ‘एल आय’ एवढे उमटले, तर दुसरा भाग आला पण चालला नाही. बहुधा त्या दुसऱ्या भागाच्या धारिकेची जागा बदलली आणि लिलोस पुन्हा बसविले गेले नाही. तीन अक्षरे आली, तर दुसरा भाग चालू झाला पण त्यास नोंदींचा तक्ता वाचता आला नाही. चारही आली, तर दोष लिलोचा नाही. फळ्यावर उदाहरण सोडविताना मूल कोणत्या पायरीवर अडले हे गुरुजी पाहतात. येथे यंत्र आपली पायरी आपणच दाखविते.

त्यानंतर आलेला ग्रब क्रमांक सांगतो. जुन्या ग्रबमध्ये ‘एरर १५’ म्हणजे मागितलेली धारिका सापडली नाही, आणि ‘एरर १८’ म्हणजे ती बायॉसच्या पोहोचेपलीकडे आहे. ही पोहोच कोठून आली, हा सातवीच्या गणिताचा उत्तम नमुना आहे. जुने बायॉस तबकडीची जागा तीन अंकांनी ओळखत असे : १०२४ वर्तुळे, १६ शिरे, प्रत्येक वर्तुळात ६३ तुकडे, आणि प्रत्येक तुकडा ५१२ बाइटांचा. गुणाकार केला असता ५२,८४,८२,३०४ बाइट येतात. त्यापलीकडचे त्यास दिसत नसे. पुढे शिरांची संख्या २५५ मानून ही मर्यादा सुमारे ८.४ गिगाबाइटांवर नेण्यात आली. त्याहीनंतर तुकड्यांस सरळ अनुक्रमांक देण्यात आले; तो अंक २८ बिटांचा असल्याने मर्यादा सुमारे १३७ गिगाबाइट झाली. शाळेने जुन्या यंत्रात मोठी तबकडी घातली की प्रणाली बसते, एकदोन महिने चालते, आणि गाभ्याची नवी आवृत्ती घेतल्यावर अचानक अडते, याचे कारण येथे आहे. पहिला गाभा योगायोगाने मर्यादेच्या अलीकडे बसला होता; नवा पलीकडे पडला. कर्नेल एकदा स्मृतीत आले की ते तबकडी आपल्या रीतीने वाचते, त्यास बायॉसची ही मर्यादा लागत नाही. म्हणून तबकडीच्या प्रारंभीच शेदोनशे मेगाबाइटांचा छोटा विभाग करून गाभा त्यात ठेवला, म्हणजे काम भागते.

गाभा येतो आणि थांबतो

येथे पहिला प्रश्न यंत्राच्या जातीचा. ६४ बिटांचा गाभा ३२ बिटांच्या प्रक्रियकावर चालत नाही. तसे तो पडद्यावर स्पष्ट सांगतो, आणि तरीही यंत्रच बिघडले असे समजले जाते. पेंटियम एम जातीच्या जुन्या लॅपटॉपांची गोष्ट अधिक विलक्षण आहे. लिनक्सचे अनेक गाभे पीएई नावाच्या गुणाची मागणी करतात. या जातीतील काही प्रक्रियकांच्या अंगी तो गुण असतो, परंतु विचारले असता ते तसे सांगत नाहीत. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारे मूल असतेच. सुरू करतानाच्या ओळीत ‘फोर्सपीएई’ हा शब्द लिहिला की असे यंत्र बहुधा चालू लागते. नेटबीएसडीमध्ये वीजव्यवस्थेच्या एसीपीआय या भागामुळे जुने यंत्र अडत असेल, तर ‘बूट’ या शब्दापुढे आडवी रेघ व २ हा अंक लिहून तो भाग बंद ठेवून पाहावे.

दुसरा प्रश्न मूळ विभाग न सापडण्याचा. समजा, शाळेच्या यंत्रात चकतीचे साधन नाही, म्हणून त्याची तबकडी काढून दुसऱ्या यंत्रास जोडली आणि तेथे प्रणाली बसविली. तेथे ती दुसऱ्या क्रमांकाची तबकडी होती. परत आणल्यावर पहिली झाली. नेटबीएसडीच्या भाषेत तिचे नाव ‘डब्ल्यूडी १’ होते, आता ‘डब्ल्यूडी ०’ झाले. विभागांच्या यादीत मात्र जुनेच नाव आहे. प्रणाली तपासणीस निघते, नाव सापडत नाही, आणि ती एकट्या चालकाच्या अवस्थेत थांबते. तेथे मूळ विभाग केवळ वाचण्यापुरता जोडलेला असतो. ‘माउंट’ हा शब्द, मग आडवी रेघ व तिला लागून ‘यू’ ‘डब्ल्यू’ ही अक्षरे, आणि शेवटी एकटी तिरकी रेघ, एवढे लिहिले की त्यात लिहिण्याची मुभा मिळते. मग यादीतील नाव सुधारावे. लिनक्समध्ये अशा वेळी नावाऐवजी विभागाचा ओळख-क्रमांक लिहिणे चांगले. मूल कोणत्याही बाकावर बसले तरी त्याचा सर्वसाधारण नोंदवहीतील क्रमांक बदलत नाही.

या संदर्भात एक उणीव सांगितली पाहिजे. हल्लीच्या प्रणाली सुरू होताना सुबक चित्र दाखवितात आणि त्याच्या आड सर्व संदेश झाकून ठेवतात. यंत्र नीट चालते तोवर हे शोभते. अडले की शिक्षकाच्या हाती चित्राखेरीज काही उरत नाही. ग्रबच्या ओळीतील ‘क्वाएट’ व ‘स्प्लॅश’ हे शब्द पुसले असता संदेश दिसू लागतात. खैरातच्या मुलांच्या यंत्रातही सुरुवातीस चित्रच येई. पण पडद्याशेजारील बरोबरच्या खुणेची कळ दाबून धरली की त्याजागी लेखी संदेश उमटत. मुलांच्या यंत्रात ही सोय ठेवणाऱ्याने शिक्षणाचा विचार केला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

वीज अवचित गेल्यानंतर तबकडीची तपासणी सुरू होते. जुन्या यंत्रावर तीस अर्धा तासही लागू शकतो. त्या वेळी कंटाळून पुन्हा कळ दाबणे म्हणजे जखमेवरील पट्टी ओढून काढणे होय. पुन्हा सुरू करून काम होत नाहीच. पहिल्याने जे वाचले असते तेही हातचे जाते.

शोध घेताना एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. बॅटरी, पट्टी आणि तबकडीची तार एकाच दुपारी बदलली व यंत्र चालू झाले, तर आनंद होतो. पण दोष कोठे होता हे कळत नाही, आणि शेजारच्या शाळेस सांगण्यासारखे काही हाती राहत नाही. पडद्यावरील शेवटच्या पाच ओळी जशाच्या तशा उतरवून घ्याव्यात. इंग्रजी समजत नसले तरी चालेल. अक्षरे बरोबर हवीत. हे काम सातवीच्या मुलींकडे सोपविले तर त्या ते चोख करतात. देणगीच्या यंत्रावर कारखान्याचे हिशेब वा कामगारांची माहिती शिल्लक असेल तर ती न वाचता तबकडी पूर्ण पुसून मगच नवी प्रणाली बसवावी. शाळेचे यंत्र निर्लेखित करतानाही मुलांची नावे व जन्मतारखा असलेली तबकडी तशीच जाऊ देऊ नये.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी

१. आपल्या शाळेच्या जडवस्तुसंग्रह नोंदवहीत ‘नादुरुस्त’ असा शेरा असलेल्या प्रत्येक संगणकापुढे तो कोणत्या टप्प्यावर थांबतो हे लिहून आणावे. टप्पा सांगता येत नसेल तर तसे लिहावे.

२. २५५ शिरे, १०२४ वर्तुळे व ६३ तुकडे धरून ८.४ गिगाबाइटांची मर्यादा मुलांकडून काढून घ्यावी. उत्तर ८,४२,२६,८६,७२० बाइट आले पाहिजे.

३. एका यंत्राची तारीख रोज सकाळी १९८० होते, पण दिवसभर ते नीट चालते. दुसऱ्याची तारीख बरोबर आहे, पण पडद्यावर ‘एल आय’ एवढीच अक्षरे येतात. दोन्ही यंत्रे एकाच शाळेत असून खर्चास शंभर रुपये उपलब्ध आहेत. कोणत्या यंत्रास पैसा लागेल आणि कोणत्यास केवळ वेळ?